काटा

शिरोलीच्या फौंड्रीत मी काट्यावर असतो,
रात्री दहा ते सकाळी सहा.
ओतीव नग येतात, अजून कोमट.
मी आकडे टिपतो : अठरा तीनशे, अठरा दोनशे ऐंशी.
नगाचं वजन रात्रीत बदलत नाही.
माझं बदललं. तीन वर्षांत चौदा किलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाता काय?
मी भाकरी मोजून सांगितल्या.
रात्री तीनची भूक नाही सांगितली,
जी पोटातून येत नाही, चुरचुरत्या डोळ्यांतून येते
आणि गेटबाहेरच्या गाडीवर दोन कटवडे मागते,
वर गोड चहा.

घरी येऊन खिडकीला चादर ठोकतो.
शेजारची कांडप गिरणी सुरू होते,
नऊला भंगारवाला, अकराला पोरांची रिक्षा.
झोप मिळते ती चिल्लरसारखी :
मोजली तर चार तास भरते,
दुकानात कुणी घेत नाही.

परवा गंगावेशीत दूध प्यायला थांबलो.
बाबासो मगदूम, तालमीतले जुने वस्ताद,
धारेकडे बघतच म्हणाले,
"फुगलास लेका. जोर किती मारतोस ते सांगू नको.
झोपतोस किती?"
ग्लासातला फेस बसेपर्यंत मी गप्प.

काल दोनला, शेवटची ट्रॉली गेल्यावर,
रिकाम्या काट्यावर चढलो.
आकडा थरथरला, थांबला.
सवयीनं रजिस्टर ओढलं, लिहिलं :
नग एक. शहाण्णव चारशे.
शेऱ्याच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकलेलं.
मग लिहिलं,
निवायला वेळ दिलेला नाही.

सुपरवायझरनं सकाळी न वाचताच सही केली.