मुकी पट्टी

नऊ दिवस तो माझ्याकडे उतरला होता, काउनासला.
स्पर्धक क्रमांक एकतीस. तेमूलेन, उलानबातरचा.
संयोजकांनी विचारलं होतं, घरात पियानो आहे का?
आहे म्हटलं. अल्गिसचा. चालतो.
एक पट्टी मुकी आहे, हे सांगायचं राहिलं.

पहिल्या संध्याकाळी तिथं पोचून तो थांबला.
पुन्हा दाबली. टक्. लाकडावर लाकूड.
माझ्याकडे बघून हसला, पुढं गेला.

मग रोज सकाळी तेच, बिटाचं सूप उकळेस्तोवर :
सूर चढत जायचे, चढत जायचे, टक्,
आणि उतरायचे.
मला वाटलं, रचनाच तशी आहे,
जिना चढताना कुणीतरी थबकावं तशी.
बटाटे सोलताना मीही थबकायला लागले.

दुसऱ्या फेरीला अल्गिसचा मफलर त्याच्या गळ्यात बांधला
आणि सातव्या रांगेत जाऊन बसले.
चढले सूर, चढले,
आणि टक्‌च्या जागी
इतकं लख्ख काही वाजलं
की मी दचकले.
चुकलं, म्हटलं. पोर चुकलं.

यादीत एकतीस नव्हता.
बसथांब्यावर त्यानं मफलर परत केला, घडी घालून.
मी विचारलं नाही. विचारायला आमच्यात होते
वीसेक शब्द, त्यातले सहा जेवणाचे.

ट्यूनरचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.
पुढचं कुणी यायच्या आत दुरुस्त करून घ्या, म्हणालेत.
घेईन.
अजून सूप उकळत ठेवलं की
एका बोटानं मी तिथवर जाते.