न्यूट्रल आहे ना?

पहिल्या दिवशी बादामसिंग मिस्त्रीने एवढंच विचारलं,
“गाड़ी न्यूट्रल में है ना, भाईसाहब?”
मी म्हटलं, असणारच.
कुमुदआत्याची गाडी. तिचा नेम होता:
इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक,
मग पर्स, मग चष्म्याचं घर, मग ती स्वतः.

जीवाजीगंजात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
बत्तीस वर्षं उभी स्टँडर्ड हेरल्ड.
रंग दुधी होता म्हणे; आता
जुन्या दाताचा म्हणावा.
मिस्त्रीने दोन खटके ओढले आणि पुढचं अख्खं नाकाड
मडगार्डांसकट उलटलं,
चंबळेच्या सुसरीने जबडा वासावा तसं.
आत उंदरांचा संसार. एअर क्लीनरमध्ये
कापूस, शेंगांची टरफलं,
आणि आत्याने तपासलेल्या भूगोलाच्या पेपरांचे कपटे.
एकावर लाल शाईत नुसतं “का?” उरलं होतं.

टाकी उतरवली. पेट्रोल कसलं, लाखेचा काढा.
पॉइंट घासले, प्लग काढले,
भोकांतून रॉकेल ओतलं, वर थोडं ऑइल.
“अब इसको सोने दो.”

आठ दिवस झोपली.
रोज संध्याकाळी तो शिंदे की छावणीहून सायकलवर यायचा,
पुलीच्या नटाला पाना लावून लोंबकळायचा.
इंजिन तसूभर हलत नव्हतं.
नवव्या दिवशी पान्याला पाइप जोडला,
अंग टाकलं, आणि मध्येच थांबला.
“ज़ोर की बात नहीं है ये. कोई पकड़े हुए है.”

दारातून आत वाकला. गिअरच्या दांड्याचं रबर
मुठीत भुगा होऊन आलं.
खट्.
पुन्हा पाना लावला, आणि ताकात रवी फिरावी
तसं फिरलं इंजिन.
“रिवर्स में थी,” म्हणाला.
माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

रिव्हर्समध्ये.
नाक आत घालून लावलेली गाडी
बाहेर काढायची तर रिव्हर्सच लागतो.

एक्क्याण्णव साली काचबिंदू निघाला तेव्हा
बाबांनी चावी काढून घेतली, आपल्या कपाटात ठेवली.
घरात सांगायचे ते असं:
कुमुदने स्वतःच सोडली हो गाडी. समजूतदार.
ती त्यावर बोलत नसे.
संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून मागे जायची
आणि कपडे कधीकधी दोरीवरच राहायचे.

तसा मीही होतो की. दहा वर्षांचा.
त्या सीटवर बसून आग्रा, भोपाळ, लंडन केलंय मी,
तोंडाने घुर्रर्र करत, दांडा ओढून ओढून.
मीही असू शकतो.
बादामसिंग म्हणतो, “ढलान हो तो लोग लगा के छोड़ते हैं.”
शेडची फरशी सपाट आहे.
जवळजवळ.

बॅटरी नवी. पेट्रोल बाटलीतून, नळी लावून.
तीनदा खोकली. चौथ्यांदा काळा लोट,
थेट भदौरियांच्या वाळणाऱ्या पापडांवर.
भदौरियाबाई भिंतीवरून ओरडत होत्या,
त्यांचं तोंड दिसत होतं,
ऐकू काहीच येत नव्हतं.

मी क्लच दाबला. रिव्हर्स टाकला.
दोन हात मागे आली आणि बंद पडली,
अर्धी उन्हात, अर्धी शेडमध्ये.
“ब्रेक का काम बाकी है,” म्हणत
मिस्त्री हात पुसत चहाला गेला.
मी बसून राहिलो जरा वेळ.
आरशात कपड्यांची दोरी, रिकामी.
मग हँडब्रेक ओढला, चष्म्याचं घर उचललं, उतरलो.

रात्री जेवताना लक्षात आलं,
न्यूट्रल करायचं राहिलं.