ब्याऐंशीवं भोक

सोडण आधी खाडीत कुजवायचं असतं.
गिर्येच्या बायका ते चिखलात पुरतात,
वर धोंडे ठेवतात आणि सहा महिने
त्याचं नाव काढत नाहीत.
माझ्याकडे सहा महिने नव्हते.
मी काथ्या कॉस्टिक सोड्यात बुडवला,
पाच टक्के, चार तास,
धुतला, वाळवला, साच्यात अंथरला:
एक पदर काथ्याचा, एक काचेच्या धाग्याचा,
मधे रेझिन, वरून रोलर,
बुडबुडा राहू नये म्हणून
श्वास मीच धरलेला.

सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं,
रेझिनमध्ये गोठलेला धागासुद्धा
जरासा वळलेलाच होता.

मग एक्याऐंशी भोकं.
तीन वेग, तीन फीड, तीन जातींची ड्रिलं,
प्रत्येक प्रयोग तीनदा.
धाकू घाडी मशीन पुसता पुसता विचारायचा,
"मॅडम, ह्या चाळणीत काय चाळतलात?"
काचेची भुकटी मनगटाला खाजकुयलीसारखी.
भोकातून धूर यायचा,
आधी चुलीत सोडण पेटल्याचा वास
आणि त्याच्या पाठोपाठ प्लास्टिकचा.

वरून भोक गोल, देखणं.
तुकडा उलटला की मागे पापुद्रे सुटलेले,
कडेला पांढुरकी झालर.
ड्रिल शेवटच्या पदराशी पोचतं
तेव्हा त्याच्या पाठी कुणीच नसतं.
तो पदर कापला जात नाही,
ढकलला जातो.
मी झालर मोजायचे. भागिले भोकाचा व्यास.
एक पूर्णांक चार. एक पूर्णांक सदतीस.
पुण्याचे सर फोनवर म्हणायचे, "ग्राफ पाठव."

रघुवीर मेतरांच्या खळ्यात मी गेले होते
ते फक्त फायबरची भंगार होडी बघायला.
ते नव्या होडीला सुकाणूची पट्टी बसवत होते.
हातात घरचं ड्रिल, वायरला चिकटपट्टी,
वेग किती, त्यांना ठाऊक नाही,
मीही विचारला नाही.
मला म्हणाले, "आत जा गो बाय,
ती फणसाची फळी पाठसून घट्ट धर.
नाय तर भोकाचा तोंड फाटतला."

मी होडीच्या पोटात ओणवी.
रेझिनचा उग्र दर्प, वाळलेल्या सुंगटांचा जुना वास,
तळव्यांखाली फळी.
आधी नुसती थरथर,
मग फळीत दाब आला,
जसा डायनामोमीटरवर आकडा चढतो,
फक्त इथे आकडा नव्हता.
मग फणसाचा पिवळा भुसा
माझ्या बोटांवर.

फळी काढली. भोक दोन्हीकडून सारखं.
नखाने कड चाचपली, एक धागा लागला नाही.

खरं सांगायचं तर
हे शोधनिबंधांत आधीच होतं:
मागची आधारपट्टी.
मी वाचलंही होतं,
बत्तीस नंबरचा संदर्भ, पिवळ्या शाईने खूण केलेला.
वाचलं होतं आणि माझा तुकडा
चारही कोपऱ्यांत आवळून
मधे अधांतरी ठेवला होता.

प्रबंधात मी नवं प्रकरण घातलं,
पुन्हा सत्तावीस भोकं, खाली फणसाची फळी.
झालर जवळजवळ गेली.
सरांनी शेरा मारला: फणसच का? स्रोत द्या.
मी लिहिलं: मेतर, र., तोंडी.
सर म्हणाले, वर्ष?
मी मेतरांना फोन लावला.
म्हणाले, "बापाशीन दाखवल्यान.
वरीस कोण लिहून ठेवता?"

ब्याऐंशीवं भोक कुठल्याच तक्त्यात नाही.
त्यात आता स्टीलचा बोल्ट आहे,
आणि तो पहाटे बाहेर जातो.

खिडकीतल्या बरणीत माझे तुकडे
समुद्राच्या पाण्यात पडून आहेत.
आज तिसावा दिवस.
टिपले, तोलले.
काथ्या पाणी पितोच,
कितीही पदरांत गुंडाळा.
दोन पूर्णांक एक टक्का.
लिहून ठेवते,
तारखेसकट.