लिंगप्पा सुतार

गिरणीच्या मस्टरवर बापाचं नाव लिंगप्पा.
खरं होतं लेउंग.
टाइमकीपर कानडी. त्यानं दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा स्वतःच्या मामाचं नाव लिहून टाकलं.
बाप हसला असणार.
मुंबईच्या गोदीतून आलेला माणूस,
पगार कुठल्या का नावानं मिळेना.

हत्यारांच्या पेटीत त्याची एक दौत होती,
लाकडी, माशाच्या तोंडाची,
पोटात शाई आणि शाईत भिजलेलं सूत.
ते ताणायचं, चिमटीत धरायचं, सोडायचं.
टण्ण.
फळीवर काळी सरळ रेघ.
त्या रेघेवर कापून त्यानं किती धोटे घडवले
ते गिरणीच्या बापालाही ठाऊक नसेल.

थोरला काका दुसऱ्या बोटीत चढला होता.
त्याची पत्रं यायची, पातळ कागदाची,
आणि बाप ती रात्री मोठ्यानं वाचायचा,
थोडं तेलुगूत, थोडं मराठीत,
आई तेंदूची पानं कापता कापता ऐकायची.
आधी एका गावातनं हाकललं, काका लिहायचा,
दुकानाचं दार लावायलाही वेळ दिला नाही.
आता मेक्सिकालीत आहे. इथेही कापूसच.
पलीकडे अमेरिका, मध्ये तार.
तारेपलीकडे मनाई,
अलीकडेही कुणी पाट मांडून ठेवलेला नाही.
उन्हाळा असा की आम्ही जमिनीखाली राहतो,
तळघराला तळघर जोडून गल्लीच झाली आहे,
खाली शिंपी आहे, खानावळ आहे, जुगार आहे.

आईनं कात्री खाली ठेवली.
मेक्सी-काली? ही कुठली काली?
आणि शुक्रवारी येल्लम्माच्या कुंकवातली चिमूट
एका मोकळ्या कोनाड्याला लावली.

बासष्टला फौजदार आला साखर पेठेत.
चिनी कोण आहे इथं?
गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.
शेंगाचटणीवाली नागूबाई म्हणाली,
चिनी मातीच्या बरण्या आहेत, चालतील का?
कुणी हसलं नाही.
बापानं स्वतःच हात वर केला,
शाळेत करतात तसा.

पत्रं पुरावा म्हणून गेली.
आठ महिन्यांनी परत आली, शिक्के मारून,
एक पान कमी.
कुठलं, ते बापानं सांगितलं नाही.
दर सोमवारी चौकीत सही,
जकात नाक्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.
अक्का अक्कलकोटला दिली, तेव्हा
वऱ्हाडाचा ट्रक नाक्यावर थांबला,
बाप उतरला,
दांडीला हात लावून उभा राहिला, ट्रक वळेपर्यंत.
परवानगीचा कागद आला
लग्नानंतर नवव्या दिवशी.
बापानं तो फाडला नाही. घडी करून पेटीत ठेवला.

पुढे गिरणी बंद पडली. बाप त्याआधीच गेला,
मस्टरवरच्या नावानंच.
मयताच्या दाखल्यावर जात या रकान्यात
कारकुनानं सुतार लिहिलं.
मी म्हटलं, राहू दे.

परवा काकाच्या नातीची नात फोनवर दिसली.
तिला चिनी येत नाही, मला स्पॅनिश.
मध्ये भाच्याची पोर, तिच्या मोबाईलमधलं यंत्र.
तुमच्याकडे तळघरं आहेत का? तिनं विचारलं.
नाहीत. मे महिन्यात
खिडकीला ओली चादर लावतो आम्ही.
ती हसली.
पुढच्या दोन दातांत फट. अक्काचीच.

रात्री पेटी उघडली.
दौत वाळून खडखडीत झालेली.
चमचाभर पाणी घातलं, सूत बुडवलं,
फरशीवर ताणून सोडलं.
उमटली. फिकट, पण उमटली.
किती वेळ बघत बसलो कोण जाणे,
कुठल्या बाजूला बसलोय तेही कळेना.

बायको दारातून म्हणाली,
झाली का हौस?
आता ती रेघ पुसणार कोण, ते सांगा.