एक भाग कमी

आचारसंहिता उठली की
ठाण्यात जमा केलेल्या बंदुका घरी परततात.
त्यातल्या निम्म्या वाटेत
गंगावेशीच्या आतल्या बोळात उतरतात,
दस्तगीर शिकलगारांच्या ओट्यावर,
दोन महिने कोठीतली ओल खाऊन.

मी गोकुळ शिरगावला सीएनसी चालवतो,
मायक्रॉनवर भांडणारा माणूस.
त्या दिवशी गेलो होतो ते
आईच्या अडकित्त्याची रिव्हेट बसवायला.
चाचांनी अडकित्ता बाजूला सारला,
फडक्यावर ठेवलेल्या रायफलचा बोल्ट उपसला,
ना पाना ना पेचकस,
नुसत्या बोटांनी उलगडला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
पन्हाळ्याकडच्या कुणा सरनोबतांची रायफल,
आराखडा सव्वाशे वर्षांमागचा.
"तू शिकलेलास. ह्यातला एक पार्ट कमी करून दाव.
जमलं तर रिव्हेट फुकट."

वरून बघावं तर दाराची कडी.
उचला, मागं ओढा, पुढं लोटा, पाडा.
पण अंगाला चिकटून एक लांब पोलादी पट्टी
आणि तिच्या टोकाला पंजा.
काडतूस पेटीतून वर येतं न येतं
तोच हा त्याची कड धरतो,
जोतिबाच्या चैत्र यात्रेत
बाप पोराचं मनगट धरतो तसा.
गुलालात पुढचं दिसेना झालं तरी सुटत नाही.
रायफल आडवी करा, उलटी करा,
भीतीनं हात अर्ध्यात थांबू दे,
काडतूस पडत नाही.
आणि बार उडाल्यावर
रिकामं टरफल मागं ओढून आणतो
तोही हाच.
नेणारा आणि आणणारा एकच.
इथं मी पहिल्यांदा गप्प झालो.

तीन आठवडे स्क्रीनवर फिरवत बसलो.
पट्टी काढून स्प्रिंग घातली, भाग दोन वाढले.
पंजा आखूड केला, तर गणितातच तुटला.
मागच्या बाजूला एक तिसरा कान आहे,
तो कशालाच टेकत नाही.
म्हटलं सापडला,
हा घरातला बसून खाणारा काका, ह्याला छाटू.
मग रात्री दोनला कळलं,
पुढचे दोन कान तुटलेच कधी
तर बोल्ट आणि नेम धरणाऱ्याचा डोळा
यांच्यामध्ये
हा एकटा काका आहे.

तेव्हापासून खोड लागली.
सेफ्टी पिन. सायकलची चेन.
शिवणयंत्राच्या सुईचं टोकाशी आणलेलं नेढं.
शिरोळच्या मळ्यात अजून टुकटुकणारं
मामाचं एका सिलिंडरचं इंजिन.
कुणीतरी शेवटची रेघ ओढली
आणि पेन्सिल कानावर खोचून जेवायला गेला.
आम्ही नंतर रंग बदलले,
पेट्या बदलल्या, किमती बदलल्या.
माझ्या मोरीतला नळ
अजून गळतो.

आणि एक गोष्ट घशाखाली उतरत नाही,
की नळाच्या आधी
हे पुरं झालं.

चाचांना तसं विचारलं.
त्यांनी नळीला नाक लावलं.
"कुठल्या शहाण्यानं शेंगतेल चोपडलंय रं हिला?
वास बघ. बंदूक हाय का भजी?"
मग बराच वेळ चिंधी फिरवत राहिले.
सत्तर ओलांडलेले हात,
चहाची बशीसुद्धा सांडतात,
पण बोल्ट आत सरकताना
कंप कुठं गेला कोण जाणे.
मूठ खाली पडली. खट्.
त्या आवाजाला फट नव्हती.

पंधरा रुपये मोजून घेतले त्यांनी,
सुट्टे.

घरी आईनं सुपारी धरली
आणि जरा थांबून माझ्याकडं बघितलं.
मी अडकित्त्याकडं बघत होतो.
दोन पाती, एक रिव्हेट.
मनातल्या मनात
त्यातलाही एक भाग कमी करून पाहिला.

सुपारी तशीच राहिली.