तिसरा रकाना

कमिटीनं कागद पाठवलाय. तीन रकाने:
कनिष्ठ, मध्यम, वरिष्ठ.
लिनक्स सांभाळणाऱ्याला काय काय यायला हवं
ते प्रत्येकाखाली लिहायचं.
सोमवारी पॉलिटेक्निकात बैठक, चहा आहे, मानधन नाही.

पहिला चटकन भरला.
युजर उघडता यावा, बंद करता यावा.
फाइल कुणी वाचायची, कुणी लिहायची, कुणी चालवायची
हे नऊ अक्षरांत मांडता यावं.
आमच्या बेळगावात पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली
हे ठरवायला सत्तर वर्षं पुरली नाहीत.
नऊ अक्षरं म्हणजे स्वस्तच.

दुसऱ्याला अडखळलो.
लिहिलं, लॉग वाचता यावा,
आणि भरमा सांबरेकर आठवला.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत माझा हेल्पर,
दहावीला इंग्रजीत दोनदा गेलेला.
एका दुपारी सर्व्हरच्या खोलीबाहेर चप्पल काढून उभा राहिला,
म्हणाला, "सर, मधल्या पेटीचा आवाज बदलूलाय."
लॉगमध्ये काही नव्हतं.
रात्री लॉगलाही कळलं.
डिस्क गेली, पण तोवर नवी हुबळीहून निघाली होती.

कान कुठल्या रकान्यात घालू?
वडगावात वडील मागावर बसायचे.
धागा तुटला की आधी त्यांचा हात थांबायचा,
मग डोळे तिकडं जायचे.
त्यांना कुणी पातळी दिली नाही.
मजुरी दिली, तीही साडीमागं.

तिसरा रकाना दोन दिवस कोरा.
वरिष्ठ म्हणजे कोण?
सतरा वर्षांपूर्वी, पहाटे दोनला, मी रूट होतो.
पुसायच्या आज्ञेत
बोटानं एक जागा जास्त सोडली,
एवढीशी, दोन शब्दांत असते तेवढी.
तीन वर्षांची पगारपत्रकं गेली.
बॅकअप होता.
म्हणजे, आहे असं आम्ही सगळे मानत होतो.
टेप लावली. कोरी.

सात वाजता गेटवर जाऊन उभा राहिलो.
मालक हुक्केरीमठ, गाडीची काच खाली.
मराठीत जुळवलेलं वाक्य ऐनवेळी आलंच नाही,
इंग्रजीतल्या वाक्यात मी कुठंच नव्हतो,
नुसतं घडलं होतं.
शेवटी तोंडातून निघालं,
"नन्निंद होत्री."
माझ्याकडनं गेलं.
त्यांनी काच वर केली. दुपारी हजेरीच्या वह्या पाठवल्या,
बारा वह्या, सगळ्या कानडीत,
मुकादमाच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरांत.
तीन महिने भरमा वाचत गेला, मी टंकत गेलो.
कुठल्या कामगाराची आई कधी वारली
तेही त्या खाड्यांतून कळत गेलं.

तिसऱ्यात मी आधी लिहिलं,
चूक झाल्यावर गेटपर्यंत चालता यावं.
हिरेमठ मॅडम विचारतील, याला गुण किती.
खोडलं.
मग लिहिलं,
बॅकअप परत लावून बघितलेला असावा.
त्याखाली अर्धं पान उरलं. उरू दिलं.

काल रात्री भरमाचा फोन.
चाळिशी ओलांडलीय, फॉर्म भरलाय कनिष्ठचा,
अठराशे रुपये फी, पावती जपून ठेवलीय.
म्हणाला, "सर, पुस्तक बघितलं सगळं.
आवाजाचं कायबी न्हाई की त्यात."
नाही रे, म्हटलं,
ते पेपरला नाही.