शेऱ्याचा रकाना

धामणीच्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर
पट्टी रंगवलेली आहे, पांढऱ्यावर काळी,
शून्यापासून साडेसहा मीटरपर्यंत.
पहिल्या मीटरचे आकडे
म्हशींनी अंग घासून घासून पुसले.
ते मला पाठ आहेत.

सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच.
पाणी खांबाला चिकटून जरा वर चढतं,
ते धरायचं नाही, त्याच्या खालचं धरायचं.
लटारूमामांनी शिकवलं :
"नदी थोडी फुगवून सांगते, पोरी.
आपून नाई सांगाचं."

वेग काढायला संत्रं.
लाकडाचा तुकडा वाऱ्याचं ऐकतो,
संत्रं गळ्यापर्यंत बुडून पाण्याचं.
बागेत गळालेलं, एका बाजूनं नासलेलं चालतं.
चुना लावलेल्या दोन दगडांमध्ये वीस मीटर,
मोबाईलमधलं घड्याळ,
आणि खालच्या दगडापाशी गुडघाभर पाण्यात
गेडामांची दोन पोरं,
संत्रं पकडून चांगली बाजू खाणारी.
तीनदा सोडायचं, सरासरी काढायची,
मग पंधरा टक्के वजा,
कारण वरचं पाणी पळतं
तसं तळाचं पळत नाही.

एकोणीस वर्षांच्या वह्या
मामांनी खताच्या पोत्यात बांधून दिल्या.
आकडे सगळे डावीकडे कललेले.
शेऱ्याचा रकाना बहुतेक कोरा.
कुठे "पाणी गढूळ".
कुठे "पट्टीवर विंचू".
कुठे "प्रवाह नाही",
आणि त्याखाली सत्तेचाळीस दिवस "वरीलप्रमाणे".

एका ऑगस्टात मात्र, पाचच्या ओळीत,
आकड्यापुढे "अंदाजे".
शेरा : "मंदाला दवाखान्यात नेले."
दुसऱ्या सकाळी :
"बाभळीला अडकलेला कचरा मोजला.
रात्री ४.८५ ला पाणी येऊन गेले.
मी नव्हतो."

मंदा कोण, विचारलं नाही.
त्यांच्या घरात त्या नावाचं कोणी नाही.

आता पुलाखाली पेटी बसवली आहे.
दर पंधरा मिनिटांनी
पाण्याची उंची ती नागपूरला कळवते,
जेवत नाही, कोणाला दवाखान्यात नेत नाही.
परवा, भर मे महिन्यात,
रात्री अकराला साहेबांचा फोन :
"सहा मीटर चाळीस दाखवते. बघून या."

बॅटरी घेऊन गेले.
पेटीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलेलं,
मधोमध तो, नाण्याएवढा.
एवढाच पूर.
काडीनं जाळं काढलं. काढताना वाईट वाटलं.

मग उजेड खाली सोडला.
पट्टीचं शून्य उघडं, भेगा पडलेलं.
पण शून्य म्हणजे तळ नव्हे,
शून्य म्हणजे कोणीतरी कधी आखलेली रेघ.
तिच्याखाली दोन हात डोह,
त्यात काहीतरी वळलं,
मरळ असेल, बॅटरीला भिऊन.

वहीत उणे आकड्याला जागा नाही.
तारीख घातली, वेळ घातली,
आकड्याच्या जागी आडवी रेघ ओढली.
शेरा :
"कोळी होता.
पाणी शून्याच्या खाली. आहे."